रिकाम्या जीपचे पाटे

माझं निम्मं आयुष्य उताणं गेलं. आभाळ बघत नव्हे, गाडीच्या पोटाखाली. तोंडावर ग्रीस, डोळ्यांत माती आणि छातीवर पाना. चौकाच्या अलीकडे, कर्जतच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं गॅरेज आहे. दोन वर्षं झाली, मी रोजचं काम सोडलं, पण सकाळी जाऊन बसतो. घरी बसलो तर आमची ही मला गहू निवडायला लावते.

आमचं काम पाट्यांचं. जीप, टेंपो, ट्रक यांच्या चाकांवर वाकवलेल्या लोखंडी पट्ट्यांची जुडगी असतात ना, ते पाटे. इंजिनातलं मला फार कळत नाही. पाट्यांतलं मात्र कळतं, असं मी पस्तीस वर्षं धरून चाललो होतो. आता कोणी विचारलं तर तेही छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि ते का, हेच लिहायला बसलोय. लिहून झाल्यावर मला काही उमगेल, असं समजू नका. मी गोंधळलेलाच आहे आणि तुम्हालाही थोडं गोंधळात टाकणार आहे.

बाहेरच्या माणसासाठी आधी जरा धंद्याचं सांगतो. जुडग्यातला सगळ्यात वरचा पाटा सगळ्यात लांब. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात, त्या डोळ्यांवर गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, पेललेली असते. त्याच्याखाली दुसरा जरा आखूड, तिसरा आणखी आखूड. चाक दगडावर चढलं की जुडगं सरळ होतं, उतरलं की परत वाकतं, आणि धक्का वर बसलेल्या माणसापर्यंत पोचेपर्यंत मवाळ होतो. पाटे वाढवले की गाडी जास्त वजन उचलते. पण तीच गाडी रिकामी पळवली तर ते जाड जुडगं हलायलाच तयार होत नाही आणि दगडाचा धक्का जसाच्या तसा कमरेत बसतो. म्हणजे भरलेली जीप मऊ आणि रिकामी जीप कडक. लोकांना हे उलटं वाटतं.

"पाटा एकाच वजनाला खरा असतो, बाकी सगळ्या वजनांना थोडा थोडा खोटा," असं आमचे इब्राहिमभाई म्हणतात. इब्राहिमभाई म्हणजे माझे भागीदार. पाटा भट्टीत लाल करायचा, तेलात विझवायचा, ठोकून त्याला बाक द्यायचा, हे सगळं त्यांच्या हातचं. गाडीवर चढवायचं काम माझं. वयानं माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, आणि ते सहा वर्षांचं मोठेपण त्यांनी मला एक दिवसही विसरू दिलेलं नाही.

आणखी एकच गोष्ट सांगतो, मग धंद्याचं पुराण बंद. पाट्याशेजारी नळकांड्यासारखा शॉकअप असतो. तो धक्का खातो, असा सगळ्यांचा समज आहे. धक्का खातो पाटा. शॉकअप फक्त पाट्याला सांगतो, झालं ना एकदा, आता पुरे. तो बरोबर आहे की नाही हे बघायचं असेल तर गाडीचा कोपरा जोरानं दाबून सोडायचा. गाडी एकदा वरखाली होऊन उभी राहिली तर ठीक. डुलत राहिली तर शॉकअप गेला.

आता हिरामणचं सांगतो. भिवपुरीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. नाव लिहीत नाही, वाडीतली माणसं माझ्याशी भांडतील. डांबरी रस्ता खाली संपतो, तिथून वर सहा किलोमीटर कच्चा रस्ता आणि वाटेत दोन ओढे. हिरामण त्या वाडीचा, आणि अख्ख्या वाडीत चार चाकं म्हणजे त्याची जुनी जीप. दूध, किराणा, शाळेच्या बाई, आजारी माणूस, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तीत. जीपमध्ये माणसं किती मावतात ते मोजायची तिथं पद्धत नाही. जागा संपली की जीप भरली.

पाचेक वर्षांपूर्वी तो गॅरेजवर आला. मागचे पाटे पार सरळ झाले होते, जीप बुडावर बसल्यासारखी दिसत होती.

"मिस्त्री, दोन दोन पाटे वाढवून द्या," तो म्हणाला. "बारा जन बसतात. ओढ्यात बूड घासतंय."

मी वाढवून दिले. मागच्या दोन्ही चाकांवर दोन दोन, चांगले जाड. इब्राहिमभाईंनी एवढंच विचारलं, "रिकामी कधी पळते का रं तुझी?" हिरामण हसला. "चाचा, आमच्या वाडीत रिकामी जीप कोन जाऊ देतंय!" मीही हसलो. जीप ऐटीत उभी राहिली. मला माझाच मोठा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

ती जीप रिकामी पळाली, ती त्यानंतर चार महिन्यांनी. हिरामणची बायको मंगल पोटुशी होती, पहिलटकरीण. तिला नववा लागला होता. भादव्यातल्या एका दुपारी तिच्या पोटात दुखायला लागलं म्हणून तिला खाली तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. आता त्या वाडीची एक रीत आहे. एरवी जीपच्या टपावर बसणारी माणसं, पण पोटुशी बाई बसणार म्हटलं की सगळे उतरतात. तिला ऐसपैस आडवं होता यावं, कोणाचा धक्का लागू नये, म्हणून. त्या दिवशी बाजाराला निघालेली नऊ माणसं टोपल्यांसकट खाली उतरली. पुढं हिरामण आणि त्याची आई, मागच्या बाकावर गोधडी टाकून मंगल एकटी.

बारा माणसांसाठी घातलेले पाटे आणि वर एकटी मंगल. तो रस्ता मी पाहिलेला आहे. त्या दोन ओढ्यांमधून ती कशी आदळत गेली असेल, हे जगात दोनच माणसांना नेमकं सांगता आलं असतं. एक मी आणि दुसरे इब्राहिमभाई.

मूल मेलेलंच जन्मलं.

महिन्याभरानं हिरामण आला. गॅरेजसमोर पडलेल्या टायरवर बसून राहिला. चहा सांगितला तर प्याला नाही.

"मिस्त्री, एक इचारू?"

"विचार ना."

"रिकामी जीप लई आदळते का हो?"

मी पाना खाली ठेवला. खोटं बोलायचं मनात आलं, पण जमलं नाही. "आदळते रे," मी म्हणालो.

"डाक्तरीणबाई म्हनल्या, धक्क्यानं आसं होत नाय. आधीच कायतरी झालं आसंल. पन मंगल म्हनते, पयल्या ओढ्यापातुर पोटात हलत व्हतं." त्यानं टायरवरचा चिखल नखानं खरवडला. मग म्हणाला, "पाटे वाढवलेत त्ये घरात कुनाला म्हाईत नाय. तुमी बी बोलू नका."

मी म्हटलं, ते दोन दोन पाटे आत्ता काढून देतो, पैसे नकोत. तर तो म्हणाला, मग उद्या बारा माणसं कशी नेऊ? वाडीतली पोरं शाळेला कशी येतील? त्याचंही खरं होतं. जीप तशीच परत गेली.

त्या दिवसापासून माझं डोकं जे भणभणलं ते आजपर्यंत. मी इब्राहिमभाईंना विचारलं, आपल्यामुळं झालं का हो? ते म्हणाले, "लोखंडाचं मला विचार. पोटातलं मला काय कळतंय?" घरी हिला सांगितलं, तर ही म्हणाली, आमच्या आज्या बैलगाडीतून बाळंतपणाला जायच्या, त्यांची पोरं जगलीच की. मला जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता हीच म्हणाली, "पण बिचारीला धक्के तर बसलेच असतील ना हो." म्हणजे पुन्हा होतो तिथंच. डॉक्टरीणबाई शिकलेल्या, त्यांचं खोटं कसं म्हणू? आणि मंगलचं पोट मंगलचं, तिचं तरी खोटं कसं म्हणू?

मधल्या काळात एक वेगळंच गिऱ्हाईक आलं. कळंबच्या बाजूला फार्महाउस बांधलेले मुंबईचे एक साहेब. माणूस दिलदार, पण हौस दांडगी. हिरामणच्याच बनावटीची जुनी जीप त्यांनी डोंगरात फिरवायला घेतली होती. त्यांना ती चार इंच उंच हवी होती. परदेशातून पाटे आणि शॉकअप मागवले होते, खोक्यांतून आले, सोबत माहितीची पुस्तिका. इब्राहिमभाईंनी ती पुस्तिका उलटीसुलटी बघून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "कागद चांगला हाय."

आम्ही चार दिवस लावून काम केलं. जीप अशी उंच झाली की मला तिच्याखाली उकिडवं बसता यायला लागलं. साहेब खूश. न्यायला आले तेव्हा दुसऱ्या गाडीतून ड्रायव्हरला आणि आईला घेऊन आले होते. आई ऐंशीच्या पुढच्या, पांढरी साडी, हातात काठी. त्यांनी जीपकडं खालून वर बघितलं आणि विचारलं, "अरे, पण यात मी चढायचं कसं?"

"आई, स्टूल ठेवू ना आपण."

लगेच समोरच्या दुकानातून प्लास्टिकचं लाल स्टूल आलं. साहेबांनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं. आईंनी एक पाय स्टुलावर ठेवला, दुसरा उचलला, परत खाली ठेवला. "राहू दे," म्हणाल्या आणि जाऊन आपल्या जुन्या गाडीत बसल्या. स्टूल दोरीनं जीपच्या मागं बांधून साहेब एकटेच गेले. पुढं कळलं, जीप शेडमध्येच असते. मला तेव्हा हसू आलं होतं. गाडी बनवताना आम्ही मालकाला विचारतो, ड्रायव्हरला विचारतो. जो मागं बसणार त्याला कोणीच विचारत नाही, हे मला त्या स्टुलामुळं कळलं, आणि कळूनही पुढं मी तेच केलं.

साहेबांच्या जीपचे काढलेले पाटे आणि शॉकअप त्यांनी इथंच ठेवले. "मला काय करायचेत, मिस्त्री," म्हणाले. पातळ, लवचीक, जेमतेम वापरलेले पाटे. मी ते भिंतीला टांगून ठेवले.

भादव्यातल्या त्या गोष्टीला वर्ष होऊन गेल्यावर हिरामण परत आला. या वेळी टायरवर बसला नाही.

"मंगलला परत दिवस गेलेत. पाचवा चाललाय," तो म्हणाला. "मिस्त्री, जीप मऊ करा. पन बारा जन बी न्हेता आले पायजेत."

रिकामी असताना मऊ आणि भरल्यावर कडक. म्हणजे पाटा दोन वजनांना खरा पाहिजे. इब्राहिमभाई भट्टीपाशी बसून सगळं ऐकत होते. त्यांनी भिंतीकडं बोट दाखवलं.

साहेबांचे पातळ पाटे आम्ही वर घेतले. हिरामणचे दोन दोन जाड पाटे त्यांच्याखाली बसवले, पण त्यांचा बाक ठोकून काढला आणि ते जवळजवळ सरळ ठेवले. मधे बोटभर फट. जीप रिकामी असली की वजन फक्त पातळ पाट्यांवर, खालचे दोघे नुसते बघत राहणार. सात-आठ माणसं बसली की वरचे दबून खालच्यांना टेकणार, मग सगळे मिळून ओझं उचलणार. यात नवीन शोध काही नाही, ट्रकवाले असं करतात. पण त्या जीपच्या मापात ते बसवायचं म्हणजे फटीचा हिशेब नेमका लागतो. चार वेळा जुडगं खोललं, चार वेळा बांधलं. इब्राहिमभाईंनी एवढ्या तब्येतीनं काम केलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते कधी बोलले नाहीत, पण त्यांनाही ते भादव्यातलं लागून राहिलं असणार, असं मला वाटतं.

आता तपासायचं कसं? हिरामण गाडी चालवणार, मी शेजारी. मागं आडवं कोण होणार? इब्राहिमभाई म्हणाले, "मी पोटुशी." घरून पितळी कळशी आणली, अर्धी पाण्यानं भरली, बाकावर उताणे झाले आणि कळशी पोटावर धरली. पाणी सांडलं तर पाटे कडक. आमच्या गॅरेजच्या मागं नदीकडं जाणारी एक रेताडाची वाट आहे, खड्ड्यांनी भरलेली, तिथून जीप नेली. पहिल्या खेपेला इब्राहिमभाई दाढीपासून गुडघ्यापर्यंत भिजले. शेतात वालाला पाणी देणारा माणूस धावत आला, "चाचांना काय झालं?" म्हणून. "काय नाय रं," इब्राहिमभाई आतून ओरडले, "माझे दिवस भरत आलेत!"

फट कमी-जास्त केली, साहेबांचे शॉकअप चढवले. तिसऱ्या खेपेला त्यांचा सदरा कोरडा राहिला. दोन म्हातारे आणि एक होऊ घातलेला बाप, तिघंही रस्त्यात पोरांसारखे हसत उभे होतो.

सातव्या महिन्यात हिरामण मंगलला जीप दाखवायला घेऊन आला. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. बारीक अंगाची, शांत बाई. मी उत्साहानं सगळं सांगितलं, कोपरा दाबून दाखवला, जीप एकदा हलून कशी थांबते ते दाखवलं. तिनं बाकावर हात फिरवला.

"ह्यात मी एकलीच बसनार का, दादा?"

"हो तर. पाय पसरून आडवी हो. कोणी त्रास देणार नाही."

"गेल्या टायमाला बी एकलीच व्हते," ती म्हणाली. एवढंच. मला वाटलं, जुनी आठवण आली असेल. मी विषय बदलला आणि चहा मागवला. विचारायचं ते तेव्हाही विचारलं नाही.

माघातल्या एका सकाळी नऊच्या सुमाराला हिरामणचा फोन आला. "मिस्त्री, मंगलला कळा येतायत. निघतोय." मी स्कूटर काढली, इब्राहिमभाई मागं बसले. आमचं तिथं काय काम होतं, असं विचाराल तर काहीच नव्हतं. डांबरी रस्ता जिथं संपतो तिथं पाण्याची टाकी आहे, तिच्याशी जाऊन उभे राहिलो. जीपला वरून यायला अर्धा तास पुरतो. अर्धा तास झाला, पाऊण झाला, तास झाला. हिरामणला फोन लागेना. दोन तास झाले. इब्राहिमभाई टाकीच्या कट्ट्यावर बसून बोटांवर काहीतरी मोजत होते आणि मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होतो.

मग वळणावर जीप दिसली. माणूस चालतो त्याहून सावकाश येत होती. पुढं हिरामण. शेजारी कोणी नाही. मागं बाकावर गोधडी घातलेली, आणि गोधडीवर कोणी नाही.

वाटलं, संपलं. पाटा तुटला, ती पडली, काय काय मनात येऊन गेलं. मी जीपला आडवा धावलो.

"मंगल कुठंय रे?"

हिरामणचा चेहरा रडवेला आणि वैतागलेला, दोन्ही. "येतेय," तो म्हणाला. "चालत."

पायवाटेनं बाया उतरत होत्या. शेवटच्या वळणाला त्यांनी आडवाट धरली होती, म्हणून जीप आधी पोचली. सात-आठ जणी, मधे मंगल, एका हातानं वाडीतल्या आरोग्यसेविकेचा, आशाताईंचा, खांदा धरून. एकीच्या हातात पाण्याची बाटली, एकीच्या काखेत चटई. कळ आली की सगळा घोळका थांबायचा, कळ ओसरली की निघायचा. दोन्ही ओढे तिनं चालत ओलांडले होते, आणि सहा किलोमीटर तिच्या मागून ती मऊ केलेली जीप रिकामी आली होती.

मला राग आला, खोटं बोलणार नाही. चार वेळा खोललेलं जुडगं, ती कळशी, सगळं डोळ्यांसमोर आलं. आणि ती धडधाकट समोर उभी आहे म्हणून डोळ्यांत पाणीही आलं. एकाच वेळी दोन्ही, काय करावं ते कळेना.

डांबरीवर आल्यावर मंगल जीपमध्ये चढली. रीतीप्रमाणं बाया मागं सरकल्या. ती आतून म्हणाली, "कुनी मागं ऱ्हायचं नाय गं. समद्या बसा." मग माझ्याकडं बघून, "दादा, तुमी बी."

बाया एकमेकींच्या मांडीवर बसल्या, मी मागच्या फळीवर एका कुल्ल्यावर. स्कूटर घेऊन इब्राहिमभाई मागून आले. जीप दबली आणि वरचे पाटे खालच्यांना टेकल्याचा बारीकसा टक आवाज मला ऐकू आला. त्या आवाजाची मी चार महिने वाट बघितली होती. पुढचा रस्ता गुळगुळीत. नेमके त्याच आठवड्यात खड्डे बुजवलेले, एक म्हणून राहिला नव्हता. माझ्या पाट्यांनी मंगलला नेलं ते फक्त डांबरीवरून, जिथं बैलगाडीसुद्धा मऊ चालली असती.

दुपारी मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत. व्हरांड्यात इब्राहिमभाईंनी माझा हात धरून ठेवला होता, आणि आम्ही दोघं तिथं कोण लागतो म्हणून नर्सनं विचारलं, तर मी म्हणालो, जीपचे मिस्त्री.

बारशाला आम्हाला दोघांनाही बोलावणं होतं. पाळण्याचं आटोपल्यावर मी मंगलला विचारलं, "माझ्या पाट्यांवर भरवसा नव्हता का गं तुझा?"

"व्हता की," ती म्हणाली. "म्हनून तर चालले. मागं जीप हाय, आसं वाटलं की पाय चालतात. नसती तर घरातनं निघालेच नसते."

परत येताना इब्राहिमभाई म्हणाले, "दिनकर, आपलं काम झालं का वाया गेलं रं?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुम्ही मोठे. मोठेपण सांगायची एवढी आयती संधी त्यांनी पहिल्यांदाच सोडली.

पण एक माझ्या मनात राहून गेलं होतं. पहिल्या वेळचे ते दोन दोन पाटे मी वाढवले होते, हे मंगलला कधी सांगितलंच नव्हतं. तिच्या घरी जेवलो, तिच्या लेकीला मांडीवर घेतलं, आणि दर वेळी पावसापाण्याचं बोलून परत आलो.

या दिवाळीच्या थोडं आधी हिरामण पाट्यांच्या डोळ्यांतले रबरी बुश बदलायला जीप घेऊन आला. सोबत मंगल आणि लेक, आता चार वर्षांची होत आलेली. हिरामण समोर दुकानात गेला. इब्राहिमभाई आत भट्टीशी. मी मंगलला म्हटलं, "एक सांगायचं होतं. पहिल्या वेळेस जीप कडक होती ना, ते दोन दोन पाटे मीच घातले होते. हिरामणनं सांगितलं होतं बोलू नका, म्हणून बोललो नाही."

"ठाव हाय मला, दादा."

"हिरामणनं सांगितलं?"

"नाय. त्याच महिन्यात मी जीपखाली वाकून बघितलं व्हतं. जुने पाटे तांबडे पडल्याले, आन चार नवे काळे. मोजले."

"मग बोलली का नाहीस?"

"ह्यांना बोलले असते तर ह्यांनी जीप इकली असती. मंग वाडीला जीप कुठनं?" तिनं पदरानं लेकीचं नाक पुसलं. "आन तुमाला बोलले असते, तर तुमी परत तिला हात लावला नसता."

एवढं ऐकल्यावर खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं डोक्यात फिरणारा प्रश्न तोंडातून निघालाच. "मंगल, तुला काय वाटतं गं? ते पाट्यांमुळंच..."

"मला नाय ठाव," ती म्हणाली. "तुमाला ठाव हाय?"

"नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या."

हे तिनं मला माफ केलं की फक्त विषय संपवला, ते मला कळलं नाही. अजून कळत नाही. तोपर्यंत तिची लेक जीपच्या मागच्या बंपरवर चढून उड्या मारायला लागली होती. जीप रिकामी होती, त्यामुळं पातळ पाटे चांगले दबत होते आणि तिला मजा येत होती. मंगलनं हाक मारली तशी तिनं खाली उडी घेतली. जीपचं बूड वर आलं, एकदा खाली गेलं आणि थांबलं. सवयीनं मी बघत उभा राहिलो, परत हलतंय का म्हणून. हललं नाही.